अंजनेरी एका दिवसात: धबधबा, तळं आणि मधली ती घळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्येच राहतो, ऑगस्टमध्ये एका रविवारी दोन कुटुंबं मिळून जायचंय, सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि बासष्ट वर्षांचे वडील. धबधबा पण हवा, डोंगरावरचं तळं पण हवं, संध्याकाळी घरी परत. अंजनेरी जमेल की हरिहर करू? आणि तळ्यात उतरता येतं का?

अंजनेरी, म्हणजे त्र्यंबकजवळचा तो डोंगरी किल्ला, जमेल. हरिहर हा त्याच भागातला दुसरा किल्ला नको, या ग्रुपला तर नकोच. तळ्यात उतरायचं नाही. आणि रविवार सोडून दुसरा कुठलाही वार काढता आला तर काढा, एक दिवस सुट्टी टाका पण रविवार सोडा, का ते पुढे येईलच.

मी साधारण वीस-बावीस वर्षं अंजनेरीला जातोय, कधी एकटा, बऱ्याचदा लोकांना घेऊन, आणि एक गोष्ट दरवेळी जाणवते ती अशी की लोक धबधबा वेगळा, वाट वेगळी, तळं वेगळं असं धरून चालतात. तसं नाहीये. अंजनेरीची पायऱ्यांची वाट जाते ती डोंगराच्या एका अरुंद घळीतून, दोन्ही बाजूंना उभे कातळ, आणि पठारावर पडलेलं पाणी खाली यायला जी जागा शोधतं त्यातली एक ही घळच आहे. म्हणजे तुम्ही ज्या धबधब्याचा फोटो काढायला थांबता तो वाटेच्या शेजारी नाही, बऱ्याचदा वाटच धबधबा असते. हलक्या पावसात पायऱ्यांवरून पाण्याची पातळ चादर वाहते, पोरं त्यात छप छप करत चढतात, मजा येते. तेच पाणी तासाभरात पोटरीपर्यंत येतं. पायऱ्यांवरून जोरात वाहणारं सहा इंच पाणी सुद्धा मोठ्या माणसाचा पाय उचलतं हो, नऊ वर्षांच्या पोरीचं तर बोलायलाच नको.

हे होतं कसं ते जरा समजून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. आपला सगळा सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणूनच कडा, मग सपाटी, मग परत कडा असा जिन्यासारखा आकार. अंजनेरीला पण तेच, पहिल्या टप्प्यावर मोठं पठार आणि त्याच्यावर अजून एक चढ. पठारावर माती किती, तर वीतभर, काही ठिकाणी तेवढी पण नाही, खाली सरळ कातळ. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तो माती पिते, भेगा पितात. जुलैच्या शेवटाला सगळं भरलेलं असतं, त्यानंतर वर पडलेला थेंब थांबत नाही, सरळ कड्याकडे पळतो. त्यामुळे तोच पाऊस जूनच्या शेवटी निरुपद्रवी आणि ऑगस्टच्या पंधरा तारखेला धोक्याचा. हिशोब करून बघा, एक चौरस किलोमीटर जागेवर तासाभरात २० मिलीमीटर पाऊस पडला तर ते दोन कोटी लिटर पाणी झालं, दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. २० मिलीमीटर म्हणजे काही फार नाही, आपल्याकडे घाटावर असला पाऊस सहज येतो. पठारावरून ते सगळंच घळीत येत नाही, चारी बाजूंनी सांडतं, पण त्यातला थोडा हिस्सा आला तरी काय होईल याचा अंदाज येईल.

आता नाशिककरांची नेहमीची चूक. सकाळी गंगापूर रोडला खिडकीतून बघितलं, ऊन पडलंय, चला. अहो नाशिक शहरात वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम ७०० मिलीमीटर आणि तिकडे इगतपुरीला ३००० च्या वर, अंतर किती तर पन्नासेक किलोमीटर. अंजनेरी त्र्यंबकच्या बाजूला आहे म्हणजे पावसाच्या बाजूला. सातपूरला कोरडं, महिरावणीला भुरभुर, अंजनेरी फाट्यावर वायपर फुल स्पीडला, हे मी किती वेळा बघितलंय त्याला गणती नाही. म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघताना ‘नाशिक’ समोर काय लिहिलंय ते बघू नका, ‘नाशिक घाट’ किंवा घाटमाथा असं वेगळं दिलेलं असतं ते बघा. त्यांच्या भाषेत मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर आणि अतिमुसळधार म्हणजे ११५.६ च्या वर. घाटाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर विषय संपला, घरी भजी तळा. यलो असेल तर मी स्वतः एकटा किंवा तयारीच्या लोकांबरोबर जाईन, पण मुलगी आणि वडील सोबत असतील तर तेव्हाही नाही. आणि फक्त त्या दिवसाचा अंदाज बघून भागत नाही, आधीचे तीन दिवस कसे गेले ते पण बघा, चार दिवस झोडपून काढल्यावर पाचव्या दिवशी उघडीप दिसते तेव्हा पठार काठोकाठ भरलेलं असतं, एक सर पुरते.

मी हे शहाणपण पुस्तकातून घेतलेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही सात जण होतो, मी पुढारी. तळ्यावर धुकं, मधूनच उघडायचं आणि समोर ब्रह्मगिरी, त्र्यंबकचा डोंगर, दिसायचा, परत मिटायचं, इतकं भारी वातावरण की कोणालाच उठावंसं वाटेना आणि मला उठवावंसं वाटेना. अडीचला उतरायला लागलो. वर पाऊस तसा किरकोळच वाटत होता, पण तासभर सलग चालू होता आणि तासभर सलग या दोन शब्दांकडे मी लक्ष दिलं नाही. घळीच्या तोंडाशी आलो तर पायऱ्या दिसेनात, नुसता फेस. खालून आवाज असा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागत होतं. दोघं म्हणाले साखळी करून उतरू, खाली तर जायचंय, किती वेळ लागतोय. मी नाही म्हणालो, त्या दिवशी केलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर. पायऱ्यांच्या वाटेवर कातळात जैन लेणं आहे, पार्श्वनाथांची मूर्ती आहे त्यात, पाण्याच्या वरच्या अंगाने कडेकडेने तिथपर्यंत सरकलो आणि लेण्यापाशी दोन तास बसून राहिलो, ओले, कुडकुडत, एका बिस्किट पुड्यावर सात जण. पाऊस थांबल्यावर पाऊण तासात पाणी घोट्यावर आलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, असलं पाणी जसं चटकन चढतं तसं चटकन उतरतं पण, फक्त वाट बघायची तयारी पाहिजे. सहा वाजता खाली पोचलो, घरच्यांचे फोन, शिव्या, सगळं झालं.

खाली गावातले एक बाबा चहाच्या टपरीवर बसले होते, ते फार काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, पाणी लाल झालं का थांबायचं असतं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का. तेव्हापासून मी पाण्याचा रंग बघतो. नितळ पाणी वाहतंय, तळाचा दगड दिसतोय, तर वरचं पाणी संथपणे झिरपत येतंय. गढूळ व्हायला लागलं, त्यात पानं, काटक्या, शेणाचा चुरा यायला लागला, म्हणजे वर नवीन पाणी सुटलंय आणि मागून अजून येतंय. आवाज बदलतो तो पण ऐका, झुळझुळ जाऊन घुमल्यासारखं व्हायला लागलं की तिथून बाजूला आणि उंच जागी. पाण्याच्या बरोबर पळून खाली पोचू असं डोक्यात सुद्धा आणू नका. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याचं तर तुम्हाला माहितीच असेल, २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोक धबधब्याकडे गेले आणि मागचा ओढा चढला, वीसेक जण पलीकडे अडकले, एकाचा जीव गेला. तिथे पण येताना ओढा साधाच होता.

तर दिवस कसा लावायचा. घरून पावणेसहाला निघा. पपया नर्सरीपासून पुढे त्र्यंबक रोड सकाळी मोकळा असतो, वीस-बावीस किलोमीटर, पाऊण तास धरा. बसने जाणार असाल तर त्र्यंबकची कुठलीही बस अंजनेरी फाट्याला थांबते, एसटी पण आहे आणि सिटीलिंक (नाशिकची सिटी बस) पण, पण मग फाट्यापासून गाव आणि गावापासून वर पायथ्यापर्यंत चालणं वाढतं, वडिलांचे गुडघे त्यातच संपवू नका, गाडी न्या. गाडी गावातून वर पार्किंगपर्यंत जाते, वनखात्याची चौकी आहे, थोडी फी घेतात, सुट्टे पैसे ठेवा. चौकीवाले जाऊ नका म्हणाले तर हुज्जत घालू नका, पाऊस जास्त असला की बंदी लावतात आणि त्यांचं बरोबर असतं. निघताना वाटेत मिसळ खायचा मोह होईल, नाशिककर आहोत शेवटी, पण तर्रीवाली मिसळ पोटात घेऊन चढायचं म्हणजे पहिल्या शंभर पायऱ्यांत पश्चात्ताप. मिसळ येताना.

सातला चढायला लागलात तर आरामात, थांबत थांबत, दीड तासात पठारावर. पहिला भाग झाडीतून सोपा आहे, मग पायऱ्या सुरू होतात आणि घळ येते. पायऱ्या बांधलेल्या आहेत, पडायची भीती वाटावी असं काही नाही, पण शेवाळ. पायऱ्यांचा मधला भाग लोकांच्या पायांनी घासून खरखरीत राहतो, कडेला हिरवं काळपट दिसतं तिथे पाय टाकू नका. लेणं वाटेतच लागतं, पाच मिनिटं आत जाऊन डोळे अंधाराला सरावू द्या मग मूर्ती दिसते, टॉर्च मारून सेल्फी काढून निघून जाणारे बरेच. चढताना घळीत जास्त थांबू नका, धबधब्यात भिजायचं, फोटो, रील, जे काय असेल ते पायऱ्यांच्या खालच्या बाजूला, जिथे उघडी जागा आहे तिथे, वरून सुटलेला दगड पण पाण्याबरोबर येतो, आणि वर माकडं असतात ती दगड पाडतात, गंमत नाही, खरंच पाडतात.

पठारावर आलात की एकदम जग बदलतं. हिरवं सपाट, वारा, थोडं चाललं की अंजनीमातेचं मंदिर. इथे प्रत्येकाने अंगातली ओली वरची लेयर काढून कोरडं काहीतरी घालायचं, हे मी सक्तीने करून घेतो, कारण चढताना अंग गरम असतं आणि पठारावरचा वारा दहा मिनिटांत माणसाला थरथरवतो. ऑगस्टमध्ये कसली थंडी असं म्हणणारे लोकच आधी निळे पडतात. मुलीकडे लक्ष ठेवा, पोरं थंडी वाजते असं सांगत नाहीत, गप्प होतात. गप्प झाली की समजायचं.

मंदिराच्या पुढे तळं. माझं स्वतःचं मत विचाराल तर अख्ख्या अंजनेरीत बघायचं ते हेच, धबधबे काय इगतपुरीकडे भावली धरणाच्या बाजूला गाडीच्या काचेतून पण दिसतात. डोंगराच्या पोटाशी एवढं मोठं पाणी, धुकं असलं तर पलीकडचा काठ नाही, समुद्रच वाटतो, आणि धुकं उठलं की मागचा कडा पाण्यात उलटा. तळ्याचा आकार वरून पावलासारखा दिसतो, गोष्ट अशी सांगतात की बाळ हनुमान सूर्याला फळ समजून झेपावला तेव्हा इथे पाय रोवला आणि जमीन दबली. अंजनीचं म्हणून अंजनेरी. मुलीला ही गोष्ट खालीच सांगून ठेवा, मग वर गेल्यावर पाऊल शोधायला ती तुमच्या पुढे पळेल, न कुरकुरता.

पण पाण्यात नाही. पोहायला येत असलं तरी नाही. काठ मातीचा, पावसाने लोण्यासारखा झालेला, आत गाळ, पाणी गढूळ, पायाखाली काय आहे दिसत नाही. पट्टीचा पोहणारा पण गाळात पाय अडकल्यावर काय करणार. आणि काही झालंच तर वरून खाली उतरवायला दीड-दोन तास, मग त्र्यंबक किंवा नाशिक. १०८ आणि ११२ लावता येतो पण रेंज पठारावर कधी असते कधी नसते आणि गाडी तळ्यापाशी येत नाही. काठापासून चार पावलं लांब बसा, डबा खा, बघा. डब्यात दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. चिप्सचे पुडे नका नेऊ, कचऱ्याचं तर आहेच, पण त्या चुरचुर आवाजावर माकडं येतात, त्यांना तो आवाज आपल्यापेक्षा चांगला ओळखता येतो. पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, सॅकमध्ये, सॅक पाठीवर. ओढायला आलं तर सोडून द्या, ओढाओढी करू नका. आणि डोळ्यात डोळे घालून हसू नका, दात दाखवले की त्याला ते भांडण वाटतं.

धुक्याबद्दल एक. पठारावर गुरांच्या वाटा भरपूर आहेत, सगळ्या सारख्या दिसतात आणि त्यातल्या काही सरळ कड्याकडे जातात कारण गुरांना कुठे खाली उतरायचंय. दहा पावलांवरचं दिसेना असं झालं की चालणं बंद. बसा. मंदिराकडून घंटेचा, माणसांचा आवाज येतो का ऐका. पंधरा-वीस मिनिटांत थोडं तरी उघडतं. मोबाईलमध्ये नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, ऑफलाइन चालणारा, आणि मोबाईल झिपलॉकमध्ये.

वर जायचं का? तळ्याच्या बाजूने परत पायऱ्या लागतात, वाटेत सीता गुंफा आहे, आत कोरीव मूर्ती आहेत, आणि त्याच्यावर अजून थोडं चढून माथा, तिथे पण अंजनीमातेचं मंदिर, बाळ हनुमानासह. उंची ४२०० फुटांच्या आसपास. उघडं असेल तर ब्रह्मगिरी, हरिहर, इकडे गंगापूर धरण असं सगळं दिसतं. पाऊण तास अजून लागेल. साडेनऊला तळ्यावर असाल, पाऊस नसेल, मुलगी ताजी असेल तर जा. वडिलांनी ठरवू दे त्यांचं त्यांना, मंदिरापाशी बसतो म्हणाले तर आग्रह करू नका, पण एकटं ठेवू नका, कोणीतरी एक जण त्यांच्यासोबत थांबा. पाऊस चालू असेल तर माथा सोडा, पुढच्या वेळी होईल.

आणि घड्याळ. बारा वाजता तुम्ही घळीच्या वरच्या तोंडाशी आणि एक वाजता घळीच्या खाली, हे पक्कं. माथा झाला असो की नसो. मान्सूनच्या पावसाला तसं वेळेचं बंधन नाही, पण दुपारी उतरताना पाय दमलेले असतात, आणि रविवार असेल तर अकरापासून खालून लोंढा सुरू होतो, त्या घळीत वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर, कोणी मध्येच स्पीकर लावून थांबलेलं, कोणी चपलांवर. तिथे पाणी वाढलं तर हलायला जागाच नाही. रविवार सोडा म्हणालो ते यासाठी. तसंच तिसरा श्रावणी सोमवार आणि त्याच्या आदला दिवस पूर्ण टाळा, ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो लोक येतात, त्र्यंबक रोडला खासगी गाड्या अडवतात.

सप्टेंबरात जमत असेल तर मी म्हणेन सप्टेंबरातच जा. पाऊस कमी झालेला असतो, तळं भरलेलं, धबधबे बारीक पण असतात, आणि पठारावर फुलं. सोनकी पिवळीधमक, तेरडा, सीतेची आसवं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, ते साल लागलं तर नशीब. अजून एक आहे, अंजनेरीचं कंदीलपुष्प, हिरवट पांढरं, उभ्या कंदिलासारखं छोटं फूल. शास्त्रज्ञांनी ही जात नवीन म्हणून नोंदवली ती २००६ मध्ये, नाव पण या डोंगरावरूनच पडलं, आणि जगात फारच थोड्या जागी उरलीये. तुम्हाला दिसली तर बघा, पण तिच्यासाठी वाट सोडून गवत तुडवत जाऊ नका, आणि रील काढून लोकेशन टाकू नका, कंद उपटून नेणारे आहेत. कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं आहेत, एके काळी गुरांना देत त्या डायक्लोफेनॅक औषधाने देशभरातली गिधाडं संपत आली, ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद केलं, आता कुठे थोडी दिसतात. याच सगळ्यासाठी २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र केलंय. आणि दुसरीकडे वर गाडीरस्ता करू, रोपवे करू हे पण दर थोड्या दिवसांनी निघतंच. माझं मत विचारू नका, शिव्या येतील. एक खबरदारी फक्त, सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजांचा पाऊस होतो, तेव्हा पठारावर तुम्ही सर्वांत उंच वस्तू असता, त्या दिवसांत तर एकचा नियम अजून कडक.

सामानाचं फार डोकं लावू नका. बूट महत्त्वाचे, महागडे नको, रबरी सोलचे खोल खाचा असलेले, सहाशे-हजारातले ट्रेकिंग बूट आपल्याकडे निम्मे ट्रेकर वापरतात, ओल्या कातळाला ते धरतात. जॉगिंगचे मऊ फोमवाले बूट घसरतात. जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते आणि सुकत नाही. छत्री घळीत निरुपयोगी, पठारावर उलटी होते. तो प्लॅस्टिकचा पोंचो पण मला आवडत नाही, उतरताना पायाखाली येतो आणि वाऱ्यात डोक्यावर उडतो, साधा पँट-शर्टवाला रेनकोट बरा. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, पावसात तहान कळत नाही तरी लागतं. टॉर्च प्रत्येकाकडे, दिवसाचा ट्रेक असला तरी, लेण्यापाशी दोन तास कुडकुडत बसलेल्या माणसाचं ऐका. वडिलांसाठी एक काठी, चढायला नाही, उतरताना गुडघ्यावरचा भार घ्यायला. बीपी, शुगरच्या गोळ्या असतील तर त्या त्यांच्याच खिशात, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नको.

हरिहरचं विचारलंत म्हणून. हरिहरला तळी-टाकी आहेत वर, पण त्याच्या त्या उभ्या पायऱ्या, जवळजवळ शिडीच, खोबण्यांत हात घालून चढायचं, शनिवार-रविवारी तिथे माणसांची रांग अडकून राहते आणि ओल्यात उतरताना पोरं घाबरून मध्येच थांबतात, तिथे मागे पण जाता येत नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की हिवाळ्यात न्या. ब्रह्मगिरी वडिलांना झेपेल पण असं तळं नाही. साल्हेरवरचं गंगासागर तळं सुंदर आहे, पण ते बागलाणात, शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि चढ मोठा, एका दिवसात या ग्रुपला दमछाक होईल. आणि त्या दिवशी घाटाला अलर्ट आला, पोरीने तोंड पाडलं, तर सोमेश्वरला न्या, गोदावरीचा धबधबा आहे, लांबूनच बघायचा, वर गरम कणीस. दुपारपर्यंत घरी.

अंजनेरी झालं आणि एकला खाली आलात तर हातात वेळ आहे. गावात यादवकाळातली जुनी देवळं आहेत, पडकी, काही जैन, एका देवळात शके १०६३ चा शिलालेख आहे, लोक गाडीतून सरळ पुढे जातात. तिथे अर्धा तास फिरा, वडील तरी नक्की रमतील. जवळच त्र्यंबक रोडच्या बाजूला नाण्यांचं संग्रहालय आहे, १९८० पासून, मुलीला तिथे न्या, पण उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा. गाडीत प्रत्येकाचा कोरडा जोड, मोजे, एक टॉवेल आणि ओले कपडे टाकायला मोठी पिशवी ठेवा, आणि बूट डिकीत टाकण्याआधी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, नाहीतर आठवडाभर गाडीला वास येतो.